वासुमास्तर होडी सुकवतात

वासुमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक होडी चाटत होते.

चाटत म्हणजे खरोखरच चाटत. लोणचं मुरलं की नाही ते बघायला आपण जिभेचं टोक लावतो आणि क्षणभर छताकडे बघत थांबतो, तसे ते एका उपड्या होडीच्या बुडाला जीभ लावून छताकडे बघत थांबले होते. मी हातात नेमणुकीचं पत्र घेऊन उभा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला तो फायबरग्लासचा कारखाना, माझा नोकरीचा पहिला दिवस, आणि ज्या फोरमनसमोर हजर व्हायचं तो होडी चाटतोय. मी मासवणचा माणूस. आमच्याकडे होडीची आठवण फक्त नदीला पूर आला की होते. मला वाटलं, आमटी करताना जशी चव घेतात तशी होडी करतानाही घेत असतील.

"आंबट," ते म्हणाले. मग मला पाहून, "कशाला आलात?"

मी म्हटलं, नोकरीला, स्टोअरकीपर म्हणून.

"कारण?"

नोकरीला येण्याचं काय कारण सांगायचं? मी चाचरत म्हणालो की बी.कॉम. झालोय, घरी बसून तरी काय करणार. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. घरी बसवत नाही हे खरं कारण, बी.कॉम. हे नुसतं निमित्त, असा निकाल दिला आणि पाय पुसून आत बसायला सांगितलं. मी पाय पुसले. ते पुन्हा पुसायला लावले. दुसऱ्यांदा का, ते मला पुढे पावसाळ्यात कळलं.

मास्तरांचं पूर्ण नाव वासुदेव राऊत. चिंचणीचे वाडवळ. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, खाकी अर्धी विजार, आणि कान मात्र एखाद्या धिप्पाड माणसाचे काढून आणल्यासारखे मोठे. त्या कानांचा ते उपयोगही पुरेपूर करत. खिशात कायम एक चमचा असे. त्याच्या दांड्याने होडीवर टिचक्या मारत आणि कान लावून ऐकत जायचं. भरीव आवाज आला तर होडी निरोगी, बद्द आवाज आला तर आत काहीतरी शिजतंय. ही सवय होडीपुरती राहिली असती तर त्यांचा संसार झाला असता. तरुणपणी मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, आणि त्याच चमच्याने होणाऱ्या सासऱ्याची भिंत वाजवून बघितली. भिंतीत ओल आहे, असं त्यांनी जाहीर केलं. एवढ्यावर न थांबता ओल का आली तेही सांगितलं, आणि त्यात सासऱ्याच्या गवंड्याचा, म्हणजे सख्ख्या मेव्हण्याचा, उद्धार झाला. ते लग्न तिथेच मोडलं. पुढच्या दोन-तीन घरांतही असंच काहीतरी झालं म्हणतात. मग त्यांनी नाद सोडला आणि चिंचणीच्या एका खोलीत एकटे राहू लागले.

आमच्या कारखान्यात मुख्य काम रसायनांच्या टाक्यांचं. मधेअधे किनाऱ्यावरच्या कोळी लोकांसाठी होड्या व्हायच्या. त्या वेळी फायबरच्या होड्या नव्या होत्या. लाकडाची होडी कशी सांभाळायची हे लोकांना पणजोबापासून ठाऊक, पण ही चकचकीत होडी म्हणजे घरात नवी सून आल्यासारखं, हिला काय आवडतं आणि काय सोसत नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. चार-सहा वर्षांनी या होड्यांच्या अंगावर फोड यायला लागले. वाटाण्याएवढे, बोराएवढे, कधी थेट पुरीएवढे. आणि फोड आलेली होडी दारात आली की मास्तरांच्या तोंडावर तेज चढायचं.

फोड कसा येतो हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगू शकेन. होडीला वरून एक गुळगुळीत थर असतो, जेलकोट म्हणतात त्याला. तिची कातडीच म्हणा. पाणी या कातडीतून मुंगीच्या पावलाने आत शिरतं. आत कुठे रेझिन, म्हणजे काचेचे धागे जोडणारा तो चिकट रस, कच्चं राहिलेलं असलं, हवेची बारीक पोकळी असली, की पाणी तिथे मुक्काम ठोकतं. मुरतं, आंबट होतं, आणि बाहेरच्या पाण्याला आणखी आत ओढतं. येणाऱ्याला वाट आहे, जाणाऱ्याला नाही. मग कातडी फुगते. आणि यातली खरी मेख अशी की खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी जास्त घुसतं. त्यात ते उन्हाने कोमट झालेलं असलं तर विचारूच नका. उत्तम बांधलेली होडीसुद्धा अशा पाण्यापुढे टिकत नाही.

पण फोड दुरुस्त करण्याआधी मास्तरांचा एक विधी असायचा. ते खडूने होडीवर कारण लिहीत, आणि होडीच्या मालकाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नसत. मुंबईच्या एका शेटजींची हौसेची बोट आली होती. तिच्यावर लिहिलं, "कारण : मालकाने घाई केली, बांधणाऱ्याने ती ऐकली." शेटजी रागाने लाल झाले. पण बोटीला फोड होते आणि मास्तर स्टुलावर स्वस्थ बसून होते. शेवटी वाचलं बिचाऱ्यांनी.

स्वतःलाही ते सोडत नसत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एकदा एका टाकीत रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी पडला आणि टाकी आठवडाभर चिकट राहिली. तर टाकीवर मोठ्या अक्षरात, "कारण : वासुदेव राऊत याचं लक्ष डब्यातल्या कोलंबीकडे होतं." जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या कामगारांना गोळा करून त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. आमचा रामअवध म्हणून उत्तरेकडचा एक जुना कारागीर होता, तो मला हळूच म्हणाला, "ये आदमी भगवान के सामने भी अपनी गलती पढ़ के सुनाएगा।"

मास्तरांचा खरा शत्रू म्हणजे ओल; ती थरात अडकली की पुढे तिथेच फोड. पावसाळ्यात शेडमध्ये शिरणं हा एक सोहळा होता. छत्री बाहेर. चपला बाहेर. पाय दोनदा पुसायचे. केस ओले असतील तर पंख्याखाली उभं राहून सुकवायचे. चहाचे ग्लास धुवायला बंदी, पुसायचे. घाम येणाऱ्या माणसाने कपाळाला फडकं बांधायचं. रामअवधला घाम फार, त्यामुळे तो पावसाळाभर डोकं फुटल्यासारखा दिसायचा. मी एकदा शिंकलो, तर मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढची शिंक मी गेटबाहेर जाऊन दिली.

आणि या सगळ्या नियमांचा दाखला म्हणून एक नाव सतत ऐकू यायचं : दांडीची होडी. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या हरी नावाच्या कोळ्यासाठी मास्तरांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली होती. पौषातले कोरडे दिवस बघून, थरावर थर सावकाश बसवून, एका माणसाने एका ब्रशने. तिच्यात मोहरी मावेल एवढीसुद्धा पोकळी नाही, असं ते म्हणत. कुणी काम बिघडवलं की, "दांडीची होडी आठवा." कुणी चांगलं केलं तरी, "ठीक हाय, पण दांडीची होडी नाय." आम्हाला त्या न पाहिलेल्या होडीचा मत्सर वाटायला लागला होता.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस कारखान्याच्या दारात डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण उभी राहिली. साठीच्या आसपास, पाठ ताठ. ही जानूबाय, हरीची बायको. हरी दीड वर्षामागे वारला होता. तिने टोपली खाली ठेवली आणि सांगितलं, "मास्तर, तुमी केलेल्या होडीला बाया आल्या."

बाया म्हणजे कांजिण्या, देवी. मला हसू आलं. मास्तरांना नाही आलं. ते शर्टाची बटणं लावून तसेच तिच्याबरोबर निघाले, आणि खडूचा डबा घेऊन मीही.

दांडीला गेलो तर खरंच बाया आल्यासारखी व्यवस्था. होडी किनाऱ्यावर उपडी घातलेली, तिच्या टोकाला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला. घरात बाया आल्या की फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत, हे ठीक. पण होडी आळीच्या तोंडाशी असल्यामुळे अख्ख्या आळीत आठ दिवस तळण बंद होतं. कोळीवाड्यात आठ दिवस तळलेली मासळी नाही! पुरुषमाणसं सुतकात बसल्यासारखी ओट्यांवर बसली होती. एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला की काय ते औषध लवकर द्या, उकडलेला बोंबील आता गळ्याखाली उतरत नाही.

होडीवर गोणपाटं घातली होती. ओली. मास्तरांनी एक गोणपाट उचललं. सबंध बुडावर फोडच फोड. मास्तरांनी चमच्याने टिचकी मारली, कान लावला. बद्द. पुढे सरकले. बद्द. मग खिळ्याने एक फोड टोचला, तर त्यातून चिळकांडी उडाली ती थेट माझ्या शर्टावर. शिरक्यासारखा आंबट वास आला. जमलेले लोक चार पावलं मागे सरले आणि एका बाईने मला हात जोडले.

मास्तरांनी बोट जिभेला लावलं. छताकडे बघायची सवय, पण तिथे छत नव्हतं, म्हणून आभाळाकडे बघितलं. मग खडू हातात घेऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कारण?

जानूबायने जे सांगितलं ते ती अभिमानाने सांगत होती. हरीची जुनी लाकडाची होडी होती, ती किनाऱ्यावर ओढली की तो तिला सुकू देत नसे. फळ्या सुकल्या की भेगा पडतात, म्हणून रोज ओलं गोणपाट. समुद्राचं पाणी नाही, मीठ साचतं, म्हणून विहिरीचं गोडं पाणी. मरणाच्या आधी त्याने तिचा हात धरून एवढंच सांगितलं होतं की होडीला सुकू देऊ नको. बाप गेल्यावर मुलगा महादू दुसऱ्याच्या बोटीवर जायला लागला. होडी किनाऱ्यावर राहिली. आणि जानूबायने दीड वर्ष, सकाळी दोन हंडे आणि संध्याकाळी दोन हंडे, विहिरीवरून आणून तिच्यावर घातले.

"एक दिस खाडा नाय, मास्तर," ती म्हणाली. "ताप होता तवा पन घातलं."

ऊन, गोडं पाणी, ओलं गोणपाट. मला इतक्या वेळा पाठ करून घेतलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं होतं. मी मास्तरांच्या खडूकडे बघत होतो. आता लिहितील, आता हिला वाचायला लावतील. त्यांनी खडू होडीला टेकवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग तो डब्यात टाकून दिला. आधी सुकवायला पाहिजे, बाकी मागाहून बघू, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात महादू आला. तिशीच्या आतला, कमी बोलणारा. त्याने सरळच सांगितलं की त्याने गुजरातेतल्या वेरावळच्या एका बोटीवर शब्द दिलाय. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली तर तो राहील, नाहीतर जाईल, आणि तिकडे गेलेला माणूस आठ-आठ महिने परत येत नाही. जानूबायने गोणपाट उचललं आणि होडीवर नीट पसरलं.

आता यातला पेच बघा. फोड आलेली होडी सुकवायला दीड-दोन महिने लागतात. कोळ्यांच्या होड्या फक्त पावसाळ्यात किनाऱ्यावर येतात, म्हणजे दुरुस्तीला सवड मिळते ती नेमकी पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात आमच्याकडे खिशातली आगपेटीसुद्धा सुकत नाही. पण मास्तरांनी होडी टेम्पोत घातली. जानूबाय हट्टाने होडीत बसली आणि रस्त्यात थांबलो तिथे तिथे गोणपाट भिजवून घेत बोईसरपर्यंत आली. गेटपाशी मास्तरांनी ते गोणपाट ज्या सफाईने मागच्या नाल्यात टाकलं ते पाहून त्यांनी आयुष्यात आणखी काय काय चोरलं असेल असं मला वाटून गेलं.

मागच्या अंगणात एक रिकामी शेड होती, रेझिनपासून लांब. तिथे होडी ठेवली. सगळे फोड ग्राइंडरने उघडले. आतला आंबटपणा धुवून काढायला पाणी वापरणं भाग होतं. ते वापरताना मास्तरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. मग दिवे लावले, पंखे लावले, आणि होडीच्या बुडावर वीतभर प्लॅस्टिकचा एक चौकोन कडांनी चिकटवला. याला ते खिडकी म्हणायचे. सकाळी खिडकीत आतून दव धरलेलं दिसलं तर होडी अजून ओली. रोज सकाळी भिंग घेऊन ते खिडकीपुढे बसत, आणि दव किती ते मला सांगत. भरपूर. बरंच. थोडं कमी. त्यावरून त्यांचा दिवस कसा जाणार ते ठरायचं.

दव कमी होत गेलं आणि एके दिवशी अचानक पुन्हा भरपूर. मास्तर खवळले. रामअवधच्या कपाळावर दोन फडकी आली. पत्रे तपासले, माझी छत्री गेटबाहेरून रस्त्यापलीकडे गेली. पुन्हा आठवडाभर कमी होत गेलं आणि पुन्हा भरपूर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी होतंय. बाजाराच्या दिवशी जानूबाय बोईसरला सुकी मासळी विकायला यायची आणि जाताना होडी बघून जायची.

पुढच्या बाजारी मी रिकाम्या पिंपामागे लपलो. जानूबाय आली. पदराखालून तांब्या काढला, इकडेतिकडे बघितलं आणि होडीच्या बुडावर पाणी ओतून हाताने चोळायला लागली. "पी गो बाय," ती म्हणत होती, "हितं कोन इचारीत नाय तुला."

मी मास्तरांना जाऊन सांगितलं. म्हटलं, आता तरी तिला खरं सांगून टाका, नाहीतर पौर्णिमा काय, दिवाळीपर्यंत होडी सुकणार नाही. मास्तरांनी खिशातून चमचा काढून बोटांत फिरवला.

"काय सांगू?" ते म्हणाले. "नवरा एक गोष्ट सांगून गेला, ती तिनं दीड वरीस पाळली. तेवढंच हाय तिच्याकडं. ते पन चुकलं, असं सांगू?"

त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मला माझीच लाज वाटली, आणि पिंपामागे लपल्याची तर फारच.

पुढच्या बाजारी मास्तर शेडच्या दारात वाट अडवून उभे राहिले. दाढी केलेली, कान लाल. जानूबायला म्हणाले की आत जाण्याआधी एक सांगायचंय. ही होडी आता, म्हणजे तिची अवस्था, म्हणजे बायकांमध्ये असते ना तशी. जानूबाय बघत राहिली. जन्मभर एकटा राहिलेला तो माणूस घामाघूम झाला. मी पुढे व्हायच्या बेतात होतो, इतक्यात त्यांनी एकदाचं सांगून टाकलं, "बाळंतीण हाय असं समजा. चाळीस दिस शेक लागंल. गार पानी चालत नाय."

जानूबायच्या चेहऱ्यावरची काळजी क्षणात गेली आणि तिथे अधिकार आला. मग हे आधी का नाही सांगितलं, म्हणून तिने त्यांना झापलं. पुरुषांना यातलं काय कळतंय, म्हणाली. आणि त्या दिवसापासून शेडचा ताबा तिने घेतला.

दुसऱ्या दिवशीच ती दोन शेगड्या, कोळसा, ओवा आणि बाळंतशोपा घेऊन हजर झाली. होडीखाली शेगड्या ठेवल्या, निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी दिली. होडीच्या टोकाला कानटोपीसारखं फडकं बांधलं, वारा लागू नये म्हणून. शेडचं दार तिने गोधडीने झाकलं. मास्तरांचे ओलीचे नियम ती मास्तरांपेक्षा कडक पाळायला लागली. ओल्या पायांनी बाळंतिणीच्या खोलीत येतो मेला, असं म्हणून तिने रामअवधला हाकललं. शनिवारी कारखान्याचे मालक मुंबईहून आले. धुराचा वास कसला म्हणून गोधडी बाजूला करून बघतात तर आत होडीला कानटोपी आणि शेजारी जानूबाय. ते काही विचारणार तोच ती म्हणाली, "हळू बोला." मालक चपला काढून आत आले, होडीला लांबून बघितलं, आणि सगळं ठीक आहे ना असं कुजबुजत विचारून परत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं की आपण तिथे कुजबुजलो का.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत खिडकीतलं दव कमी होत होतं. बरंच. थोडं. अगदी थोडं. चाळिसाव्या दिवशी मास्तर भिंग घेऊन खूप वेळ बसले आणि मग त्यांनी ते भिंग मला दिलं. खिडकी कोरडी होती. पौर्णिमेला पंधरा दिवस उरले होते. मास्तरांनी आणि रामअवधने एकेक खड्डा इपॉक्सीच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. मास्तर रात्री घरी जायचे की नाही कोण जाणे, सकाळी मी येई तेव्हा ते घासतच असत.

शेवटचे थर चढवायचे त्या दिवशी महादू आणि जानूबाय दोघं आले होते. मास्तरांनी ब्रश हातात घेतला आणि जानूबायने त्यांचा हात धरला. तिने इतके दिवस कारखान्यात बसून सगळं बघितलं होतं. सगळ्यांच्या होडीवर कारण लिहिता, माझ्याच होडीवर का नाही, असं तिने विचारलं.

मास्तर म्हणाले की राहिलं असेल. ती म्हणाली, आता लिहा.

"माजं काय चुकलं असंल तर लिवा, मास्तर. मला पन कळू द्या. पोरगं हाय, त्याच्या म्होरं कळू द्या."

तेव्हा मला समजलं की शेगड्या पेटवताना, कानटोपी बांधताना, इतके दिवस ती हेच मनात धरून बसली होती. ती काही अडाणी नव्हती. घातलेल्या पाण्याची आणि आलेल्या फोडांची सांगड तिने केव्हाच घातली होती, फक्त कुणाला विचारायचं धाडस झालं नव्हतं.

मास्तरांनी खडू मागितला. होडीवर सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं. जानूबायला वाचता येत नव्हतं, महादूलाही जेमतेमच, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी वाचलं :

"कारण : होडी बांधताना वासुदेव राऊत याने ओला ब्रश वापरला. दांडीच्या माणसांची काही चूक नाही."

ती होडी बांधताना रामअवध तिथे होता. तो म्हणाला, "मगर मास्टरजी, वो तो..." आणि मास्तरांनी त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला. कपाळाचं फडकं सोडून त्याने तोंड पुसलं.

जानूबायने ते मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. मग ती मास्तरांवर जी तुटून पडली त्याला तोड नाही. मेल्या, तुझ्या हाताला काय झालं होतं, माझ्या माणसाने विश्वासाने होडी करून घेतली आणि तू ओला ब्रश घातलास, तुझ्या डोळ्यांत माती पडली होती काय, इथपासून सुरुवात करून ती त्यांच्या घराण्यापर्यंत पोचली. सगळे कामगार गोळा झाले. महादू आईला आवरायला बघत होता. मास्तर मान खाली घालून उभे होते. मी त्यांच्या बाजूला होतो म्हणून मला दिसलं, त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की जणू कुणी त्यांचा सत्कार करतंय.

दमली तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, म्हणजे माझ्या पाण्याने काही झालं नाही ना. नाही, मास्तर म्हणाले. तरीच, ती म्हणाली, पाणी घातलं म्हणून तर एवढी तरी टिकली. आणि लगेच पुढचा प्रश्न आला की चाळीस दिवस तर झाले, मग आता पाणी चालू करायला हरकत नाही ना.

आता कुठे जाणार? खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस, पहिल्याच खोट्यात असा अडकला. मास्तरांनी ब्रश सुका आहे का ते बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाले की होडी समुद्रात आहे तोवर तिला वरून पाणी नको. पावसाळ्यात इकडे आणायची, दर वर्षी. पाणी तुम्ही आणा, घालीन मी. त्याची एक रीत असते. जानूबायने विचार केला आणि कबूल झाली. ओला ब्रश वापरणाऱ्याने एवढं तरी करावंच, म्हणाली.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. महादू गेला नाही वेरावळला. आम्ही किनाऱ्यावर उभे होतो आणि अख्ख्या आळीतून मासळी तळल्याचा वास येत होता. "दांडीची होडी आठवा," असं मास्तर त्यानंतर कधी म्हणाले नाहीत. कुणी आपणहून विषय काढला तर, हो, तिच्यात माझी चूक झाली होती, असं सांगून मोकळे व्हायचे.

पुढच्या पावसाळ्यात होडी आली. बाजाराच्या दिवशी जानूबाय दांडीच्या विहिरीच्या पाण्याची पितळी कळशी घेऊन यायची, मास्तरांच्या हातात द्यायची, होडीवरून हात फिरवायची आणि जायची. पहिल्या दिवशी मास्तर ती कळशी नाल्यात ओतायला गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले आणि तशीच भरलेली घेऊन परत आले. मग शेडच्या बाहेर पायरीवर बसले आणि तांब्या तांब्या करत ते पाणी प्यायला लागले. दिवसभर तेच पाणी. संध्याकाळी कळशी रिकामी. दांडीचं पाणी किंचित मचूळ आहे, मी एकदा अर्धा तांब्या घेऊन बघितलं. मास्तर म्हणाले की छान आहे. कुणीतरी त्यांच्यासाठी एवढ्या लांबून काही आणतंय असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांच्यासाठी नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी मला फार बरं वाटायचं आणि जरा गलबलूनही यायचं.

असे चार-पाच पावसाळे गेले. मग एका बाजारच्या दिवशी जानूबाय आली नाही. पाऊस होता, एसटी बंद असेल, असं मी म्हटलं. मास्तर पायरीवर बसून होते. आमच्या माठातलं पाणी मी पुढे केलं तर नको म्हणाले. दुपार झाली, चहा झाला, कारखाना सुटायची वेळ झाली. तिची मागच्या खेपेची रिकामी कळशी कोपऱ्यात होती. मास्तर उठले, कळशी धोतराच्या जुन्या तुकड्याने आतून बाहेरून पुसली, सायकलच्या मागे नीट बांधली आणि त्या पावसात, डोक्यावर काही न घेता, दांडीच्या रस्त्याला लागले.